पुरावा म्हणायचा कशाला?

मार्च १९१६मध्ये बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरली. आश्रय सयाजीराव गायकवाडांचा, पुढाकार पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचा. या परिषदेत एका पेटीवरून वाद झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी सप्तकातल्या २२ श्रुती वाजवून दाखवणारी हार्मोनियम मांडली होती. प्राचीन ग्रंथांतल्या श्रुती कंपनसंख्यांच्या गुणोत्तरांत नेमक्या बसवता येतात आणि आजही गवयांच्या गळ्यात त्याच असतात, असा त्यांचा दावा होता. जमलेल्या जाणकारांपैकी अनेकांना तो मान्य झाला नाही.

भांडण पेटीच्या पट्ट्यांचे दिसत होते, पण तिढा वेगळाच होता. श्रुतींबद्दल निर्णायक कोणाचे म्हणणे मानायचे? नाट्यशास्त्रकार भरताच्या ग्रंथाचे, कंपने मोजणाऱ्या उपकरणाचे, की मैफलीत बसलेल्या खाँसाहेबांच्या गळ्याचे? ग्रंथाचा अर्थ लावणे इतिहासकाराचे काम, कंपने मोजणे भौतिकशास्त्राचे आणि सूर लागला की नाही हे सांगणे कलावंताचे. या तिघांचे म्हणणे जुळले नाही तर कोणाचे कशासाठी ग्राह्य धरायचे, हे मात्र तिघांपैकी एकाच्याही शास्त्रात लिहिलेले नसते.

विज्ञान, इतिहास आणि कला यांचा तत्त्वज्ञानाशी नेमका संबंध काय, या प्रश्नाचा माग घ्यायचा तर अशा अडलेल्या जागांपासून सुरुवात करणे सोयीचे. एरवी या संबंधाची चर्चा दोन टोकांना जाते. एका टोकाला तत्त्वज्ञान ही सर्व विद्यांची जननी, बाकीच्या तिच्या मुली. दुसऱ्या टोकाला, मुली कर्त्यासवरत्या झाल्या, आता आईचे काम उरले नाही. स्टीफन हॉकिंग आणि लिओनार्ड म्लॉडिनो यांनी २०१०मध्ये 'द ग्रँड डिझाइन' या पुस्तकाच्या आरंभीच तत्त्वज्ञानाच्या मृत्यूची बातमी देऊन टाकली. गंमत अशी की त्याच पुस्तकात त्यांनी पुढे मांडलेली भूमिका – सिद्धांत बाजूला ठेवून 'खरे वास्तव' कोणते असे विचारण्यात अर्थ नाही – ही कोणत्याही प्रयोगातून निघालेली नाही. ती शुद्ध तत्त्वज्ञानाची भूमिका आहे, आणि तिच्यावर वाद घालणारे दोन-अडीच शतके वाद घालत आले आहेत.

प्रत्यक्षात तत्त्वज्ञान या विद्यांवर वरून राज्यही करत नाही आणि त्यांच्या दाराबाहेर ताटकळतही नाही. काम चालू असताना नेहमीची साधने पुरेनाशी झाली, 'हे कशावरून?' या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळेनासे झाले, की त्या त्या विद्येतला माणूसच तत्त्वचिंतनाकडे वळतो. आणि तिथून परतताना तो कधीकधी तत्त्वज्ञानालाच दुरुस्त करून येतो.

सहा प्रमाणे

'कशावरून?' या प्रश्नाच्या उत्तरांची, म्हणजे प्रमाणांची, भारतीय दर्शनांनी नेटकी विभागणी केली होती. चार्वाक प्रत्यक्षापाशी थांबतात. बौद्ध आणि वैशेषिक त्यात अनुमानाची भर घालतात. सांख्यांना तिसरे प्रमाण हवे: शब्द, म्हणजे विश्वासू साक्षीदाराचे सांगणे. नैयायिक उपमान धरून चार मानतात, प्राभाकर मीमांसक अर्थापत्ती धरून पाच, आणि भाट्ट मीमांसक व अद्वैती अनुपलब्धी धरून सहा. यादी कोणाची किती लांब, यापेक्षा तिच्यामागचे भांडण महत्त्वाचे आहे. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असे म्हणताना 'जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी' हे आपण कशावरून म्हणतो? सगळे डोंगर कोणी पाहिले आहेत? चार्वाकांनी विचारलेला हा प्रश्न १८व्या शतकात डेव्हिड ह्यूमने वेगळ्या वाटेने येऊन पुन्हा विचारला, आणि त्याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही.

याचा अर्थ प्राचीनांना आधुनिक विज्ञान ठाऊक होते असा अजिबात नाही. मात्र ही विभागणी हाताशी असली की आधुनिक काळातले काही पेच अधिक स्वच्छ दिसतात. अर्थापत्तीचे पाठ्यपुस्तकी उदाहरण सर्वांना ठाऊक असते: देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. दिसणाऱ्या गोष्टींचा मेळ बसावा म्हणून न दिसणारी एक गोष्ट मानायची.

१९व्या शतकात युरेनस हा खगोलशास्त्राचा देवदत्त झाला. न्यूटनच्या नियमांनुसार त्याने जिथे असायला हवे तिथे तो नव्हता. फ्रेंच गणिती ल व्हेरिए याने युरेनसच्या पलीकडे एक ग्रह मानला आणि त्याची जागा गणिताने काढून बर्लिनच्या वेधशाळेला कळवली. २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री योहान गाले याला सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही असाच घोळ दिसला. तिचा सूर्याजवळचा बिंदू हिशेबापेक्षा शतकाला सुमारे ४३ विकला अधिक सरकत होता. ल व्हेरिएने १८५९मध्ये तीच युक्ती वापरली आणि सूर्याजवळ 'व्हल्कन' नावाचा ग्रह मानला. खगोलवेत्ते अनेक वर्षे तो शोधत राहिले. ग्रह नव्हताच. १९१५मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने त्या ४३ विकलांचा हिशेब लावला, आणि दुरुस्ती ग्रहांच्या यादीत न होता गुरुत्वाकर्षणाच्या नियमात झाली.

दोन्ही वेळा तर्क एकच होता. नियम कायम ठेवून नवी वस्तू मानायची की वस्तू कायम ठेवून नियम बदलायचा, हे त्या क्षणी कोणतीही दुर्बीण सांगू शकत नव्हती. आज दीर्घिकांच्या फिरण्याचा मेळ लावण्यासाठी कृष्णद्रव्य मानायचे की गुरुत्वाकर्षणाचा नियम सुधारायचा, या वादात बहुसंख्य शास्त्रज्ञ पहिल्या बाजूला आहेत. त्यामागे अनेक स्वतंत्र निरीक्षणे आहेत, तरी पेचाची जात तीच.

एकाच विचाराचे दोन परिणाम

१९०२मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरीला लागलेला तरुण आइन्स्टाइन संध्याकाळी मॉरिस सोलोविन आणि कॉनराड हाबिश्ट या मित्रांबरोबर वाचन करत असे. आपल्या या टोळक्याला त्यांनी थट्टेने 'ऑलिंपिया अकादमी' असे भारदस्त नाव दिले होते. वाचनात ह्यूम होता, अर्न्स्ट माख होता, प्वांकारे होता. जे अनुभवाच्या कसाला लावता येत नाही ते शास्त्रातून काढून टाका, हा माखचा आग्रह. न्यूटनच्या निरपेक्ष अवकाश-काळावर त्याने त्याच आग्रहातून हल्ला चढवला होता. १९०५च्या शोधनिबंधात आइन्स्टाइनने विचारले: दूरदूरच्या दोन घटना 'एकाच वेळी' घडल्या, हे आपण प्रत्यक्षात कसे ठरवतो? घड्याळे आणि प्रकाशाचे संकेत यांखेरीज त्याला आधार काय? आपल्या या विचाराला ह्यूम आणि माख यांच्या वाचनाची मदत झाली, असे आइन्स्टाइनने पुढे स्वतःच नोंदवले आहे.

पण तोच माख अणू मानायला तयार नव्हता. अणू दिसत नाहीत, तेव्हा ती हिशेबाची सोय आहे, वस्तू नव्हे, असे त्याचे म्हणणे. लुडविग बोल्ट्झमनचे उष्णतेचे सगळे शास्त्र अणूंवर उभे होते आणि या वादात त्याला वर्षानुवर्षे झगडावे लागले. १९०६मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्या मनोविकाराचा इतिहास जुना होता, म्हणून त्याचे खापर वादावर फोडता येत नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच झाँ पेरँच्या प्रयोगांनी अणूंचे अस्तित्व बहुतेकांच्या गळी उतरवले. त्या प्रयोगांना आधार होता पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या हालचालींवरच्या आइन्स्टाइनच्या १९०५मधल्याच दुसऱ्या एका निबंधाचा. म्हणजे माखच्या शिकवणीने एका हाताने सापेक्षतेची वाट मोकळी केली आणि दुसऱ्या हाताने अणूंची अडवली. तत्त्वज्ञान विज्ञानाला उपकारक की अपायकारक, असा प्रश्न सरसकट विचारणाऱ्यांनी ही जोडी लक्षात ठेवावी.

'नुसती तत्त्वचर्चा' म्हणून बाजूला टाकलेला प्रश्न प्रयोगशाळेत कसा पोचतो, याचे उदाहरण त्याच आइन्स्टाइनच्या उत्तरायुष्यातले आहे. १९३५मध्ये त्याने बोरिस पोडोल्स्की आणि नेथन रोझेन यांच्यासह विचारले की, पुंजयामिकी वास्तवाचे पूर्ण वर्णन करते का? नील्स बोरने उत्तर दिले आणि बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी विषय मिटला असे समजून गणिते करायला घेतली. १९६४मध्ये जॉन बेलने दाखवले की कणांचे गुणधर्म मोजमापाआधीच ठरलेले असतील आणि दूरच्या घटनांचा एकमेकींवर तत्काळ परिणाम होत नसेल, तर मोजमापांतल्या परस्परसंबंधांवर एक मर्यादा येते. पुंजयामिकीचे भाकीत ती मर्यादा ओलांडते. ज्यावर केवळ मतभेद शक्य होते, तिथे आता मोजमाप शक्य झाले. जॉन क्लाउझरने १९७२मध्ये आणि आलँ आस्पेने १९८२मध्ये प्रयोग केले. निकाल पुंजयामिकीच्या बाजूने लागला. या दोघांना आणि आंटोन झायलिंगर यांना २०२२चे नोबेल मिळाले. संदेश गुप्त ठेवण्याच्या काही नव्या पद्धती याच निष्कर्षांवर उभ्या आहेत.

उलट दिशेची वाहतूकही तितकीच मोठी आहे. इमॅन्युएल कांटने १७८१मध्ये मांडले की अवकाशाची रचना आपल्या जाणिवेतच घडलेली असते, आणि ती रचना त्याच्या दृष्टीने युक्लिडच्या भूमितीची होती. १८३०च्या आसपास लोबाचेव्हस्की आणि बोल्यॉय यांनी युक्लिडहून वेगळ्या भूमिती रचल्या, १८५४मध्ये रीमानने त्यांना व्यापक रूप दिले आणि १९१५नंतर भौतिक जगाचे वर्णनच त्या भाषेत होऊ लागले. कांटच्या अनुयायांना मुळापासून फेरमांडणी करावी लागली. विज्ञानाच्या इतिहासानेही विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाला असाच धक्का दिला. कार्ल पॉपरचा निकष होता की, जे खोटे ठरू शकते तेच शास्त्रीय. मूळचा भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या थॉमस कूनने १९४७मध्ये अॅरिस्टॉटलचे पदार्थविज्ञान शिकवण्यासाठी वाचायला घेतले, आणि ते मूर्खपणाचे का वाटते आणि तरीही ते लिहिणारा मूर्ख का नव्हता, या कोड्याने त्याला इतिहासाकडे ओढले. त्यातून आलेल्या १९६२च्या पुस्तकाने दाखवले की एखादे विपरीत निरीक्षण आले म्हणून शास्त्रज्ञ सिद्धांत टाकून देत नाहीत. व्हल्कन शोधणाऱ्यांनी न्यूटनला टाकले नव्हतेच.

या देवघेवीत सक्ती शिरली की काय होते, हेही नोंदलेले आहे. सोव्हिएत संघात १९४८मध्ये जनुके न मानणाऱ्या त्रोफिम लिसेंकोच्या मताला अधिकृत तत्त्वज्ञानाचा शिक्का मिळाला आणि आनुवंशिकीचे संशोधन बंद पाडले गेले. लिसेंकोला विरोध करणारा निकोलाय वाविलोव्ह हा पिकांच्या उगमस्थानांचा थोर अभ्यासक त्याआधीच, १९४३मध्ये, तुरुंगात मेला होता.

साक्षीदार कोणता धरायचा?

इतिहासात प्रत्यक्ष प्रमाण जवळजवळ नसतेच. जे पाहायचे ते घडून गेलेले असते. उरतो तो शब्द, आणि शब्द कोणाचा, हा पहिला प्रश्न.

विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे २२ खंडांपर्यंत नेला. घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिलेल्या बखरीपेक्षा त्या वेळच्या व्यवहारासाठी लिहिलेले पत्र अधिक विश्वसनीय, हे त्यांचे सूत्र. पत्र लिहिणाऱ्याला पुढच्या पिढ्यांवर छाप पाडायची नसते, त्याला फक्त रसद हवी असते. हे सूत्र कागदपत्रे चाळून सापडत नाही. कागदपत्रे चाळण्याआधी ते ठरवावे लागते. १९१०मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची इमारत या सूत्रावर उभी आहे.

शिवजन्माच्या तिथीचा वाद हे त्याचे महाराष्ट्राला सर्वांत जवळचे उदाहरण. बखरींच्या परंपरेने शके १५४९चा वैशाख, म्हणजे १६२७, धरला होता. लोकमान्य टिळकांच्या हाती आलेली जेधे शकावली १९१६मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी मिळाली. पुढे शिवाजी महाराजांचा समकालीन कवी परमानंद याच्या 'शिवभारता'त तीच तिथी आढळली, आणि जोधपूरकडच्या जुन्या पत्रिकासंग्रहातली कुंडलीही तिच्याशी जुळली. जेध्यांच्या घराण्यातली नोंद, दरबारी कवीचे काव्य आणि दूर राजस्थानातल्या ज्योतिष्याचे टिपण: एकमेकांची नक्कल करण्याची शक्यता नसलेले साक्षीदार एकच सांगत असतील, तर त्यांचे एकत्रित वजन संख्येने जास्त असलेल्या पण एकाच स्रोतावरून लिहिलेल्या बखरींपेक्षा भारी. महाराष्ट्र शासनाने ही तारीख २००१मध्ये स्वीकारली. वाद राजकारणातही रंगला, तरी इतिहासकारांपुढचा प्रश्न साक्षीच्या स्वातंत्र्याचा होता.

आर. जी. कॉलिंगवुडने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला. तो ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवायचा आणि सुट्टीत रोमनकालीन ब्रिटनचे अवशेष खणायचा. पहिल्या महायुद्धात लंडनला नोकरीवर जाताना त्याला रोज केन्सिंग्टनमधले अल्बर्ट स्मारक लागायचे. ते त्याला भयंकर कुरूप वाटे. मग तो विचार करू लागला की हे घडवणाऱ्याला नेमके काय साधायचे होते? आपण त्याच्या उत्तराला नावे ठेवतो आहोत, पण त्याच्यापुढचा प्रश्न तरी आपल्याला माहीत आहे का? कलाकृतीपुढे सुचलेली ही पद्धत त्याने हेड्रियनच्या भिंतीला लावली. भिंतीवरून लढायचे असते तर तिची रचना वेगळी असती. मग ती पहारेकऱ्यांच्या येरझारांसाठी असावी. तसे असेल तर जिथे भिंत संपते त्यापुढे कंबरलंडच्या किनाऱ्यावरही टेहळणीची ठाणी असायला हवीत. जुन्या उत्खननांच्या विसरलेल्या अहवालांत अशा बुरुजांच्या नोंदी खरोखरच निघाल्या. कॉलिंगवुडची कलेवरची आणि इतिहासावरची दोन्ही पुस्तके आज तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात असतात.

आपल्याकडे हे सगळे धागे एका माणसात आले ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्यात. १९०७मध्ये गोव्यात जन्म, हार्वर्डचे शिक्षण, गणिताचे प्राध्यापक. जनुकांमधले अंतर काढण्याचे त्यांचे १९४४चे सूत्र आनुवंशिकीत आजही त्यांच्या नावाने चालते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांचीच. तक्षशिलेच्या आहत नाण्यांचा क्रम लावताना त्यांनी संख्याशास्त्र वापरले: नाणे जितके जास्त काळ हातोहात फिरेल तितके झिजेल, तेव्हा एकाच साठ्यातल्या नाण्यांच्या गटांच्या सरासरी वजनावरून त्यांचे वय ताडता यावे. ही पद्धत आधी चलनातल्या आधुनिक नाण्यांवर पडताळून मग त्यांनी ती प्राचीन नाण्यांना लावली. राजांच्या वंशावळी बाजूला ठेवून उत्पादनाची साधने आणि संबंध कसे बदलत गेले यावर इतिहास लिहायचा, ही त्यांच्या १९५६च्या ग्रंथामागची भूमिका मार्क्सवादी होती. पण कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांनी आपल्या पुस्तकात प्राचीन भारताला युरोपच्या साच्यातल्या आदिम साम्यवाद आणि गुलामगिरीच्या टप्प्यांत बसवले, तेव्हा १९४९मध्ये कोसंबींनी त्या पुस्तकाचे वाभाडे काढले. तत्त्वज्ञानाने प्रश्न पुरवावेत, उत्तरे पुराव्यानेच द्यावीत, ही शिस्त त्यांनी आपल्याच पक्षाच्या तत्त्वज्ञानालाही लावली.

ही शिस्त कधी न्यायालयातही तपासावी लागते. ज्यूंच्या संहाराबाबत पुराव्याची मोडतोड केल्याचा आरोप डेबोरा लिपस्टाट यांनी केला म्हणून डेव्हिड अर्विंगने लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला. इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी अर्विंगची पुस्तके तळटीप न् तळटीप तपासली. एप्रिल २०००मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. त्यांना महत्त्वाचे वाटले ते हे की अर्विंगच्या चुका एकाच दिशेने जातात. गफलतीने झालेल्या चुका दोन्ही बाजूंना विखुरतात.

चित्रातला घोडा, पेटीतला साबण

कलेत प्रमाणाचा प्रश्न कशाला, असे वाटणे साहजिक आहे. काश्मिरी पंडितांना तसे वाटले नव्हते. रंगभूमीवर नट रामाचा शोक दाखवतो आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते. हे नेमके कोणत्या प्रकारचे ज्ञान? शंकुक म्हणाला, अनुमान. नटाच्या अभिनयावरून आपण शोक ताडतो. नट आणि राम यांच्या नात्यासाठी त्याने चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. चित्र पाहून 'हा घोडा' म्हणतो तेव्हा ते ज्ञान खरे नसते, खोटे नसते, संशय नसतो आणि नुसते 'घोड्यासारखे' असेही नसते. अभिनवगुप्ताने, इ. स. १०००च्या सुमारास, उत्तर दिले की अनुमानाने शोक कळेल, पण चव येणार नाही. शोक कोणा एकाचा न राहता साधारण होतो, तेव्हाच त्याचा आस्वाद शक्य होतो. त्याच्यानंतर महिमभट्टाने ग्रंथ लिहून काव्यातला ध्वनी (सूचित अर्थ) म्हणजे अनुमानच असे पुन्हा ठणकावले. नाट्यानुभवाचा हा वाद न्याय, मीमांसा आणि शैव दर्शनांच्या हत्यारांनी लढला गेला.

१९२६मध्ये न्यूयॉर्कच्या जकात अधिकाऱ्यांना असाच पेच पडला. कॉन्स्टंटिन ब्रांकुसीचे 'बर्ड इन स्पेस' हे ब्राँझशिल्प बोटीतून उतरले. शिल्पाला जकात माफ होती, पण या निमुळत्या चकचकीत धातूत पक्षी कुठे दिसत नव्हता. अधिकाऱ्यांनी त्यावर धातूच्या मालाची ४० टक्के जकात लावली. न्यायालयात कलावंतांच्या आणि समीक्षकांच्या साक्षी झाल्या. १९२८मध्ये न्यायालयाने मान्य केले की वस्तूशी साम्य नसले तरी हे शिल्पच आहे. १९६४मध्ये अँडी वॉरहॉलने दुकानातल्या ब्रिलो साबणाच्या खोक्यांसारखी हुबेहूब खोकी प्रदर्शनात मांडली आणि आर्थर डांटो या तत्त्वज्ञाला कोडे मिळाले. दोन वस्तू डोळ्यांना सारख्या असताना एक कला आणि दुसरी माल, हे ठरवण्यासाठी डोळे पुरत नाहीत. त्यामागची कलाविषयक समजूत आणि तिचा इतिहास माहीत असावा लागतो. हे कोडे तत्त्वज्ञांनी रचलेले नव्हते. चित्रकाराने ते त्यांच्यापुढे आणून ठेवले.

मराठीत हा विचार जोमाने झाला. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांमधल्या संवाद, विरोध आणि समतोल या लयींत शोधले. त्यांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'ला १९५६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा'त (१९७४) दाखवले की कलेला जीवनापासून स्वायत्त मानणारी अलौकिकतावादी बाजू आणि जीवनाशी बांधलेली मानणारी लौकिकतावादी बाजू, ही एकाच संकल्पनेची दोन ध्रुवटोके आहेत. एक पुसून दुसरे ठेवता येत नाही.

हा वाद विद्यापीठात चालू असतानाच नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आणि दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आले, आणि मोजपट्टीच बदलण्याची मागणी पुढे आली. आस्वादाच्या आनंदावर उभे असलेले सौंदर्यशास्त्र गावकुसाबाहेरच्या अनुभवाला काय न्याय देणार? शरद पाटलांनी अब्राह्मणी सौंदर्यशास्त्र मांडले. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६च्या पुस्तकात समता आणि स्वातंत्र्य ही मूल्ये आनंदाच्या जागी आणली. दलित साहित्याच्या या चळवळीला बळ देणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई यांच्याकडे शिक्षण घेतले होते आणि 'जातिप्रथेचे उच्चाटन' या १९३६मध्ये छापलेल्या भाषणात त्यांचे ऋण मानले होते. 'बलुतं'सारखी पुस्तके साहित्य म्हणून वाचली गेली तशी समाजशास्त्रज्ञांनी साक्ष म्हणूनही वाचली. त्यामुळे एकाच मजकुराला कलेचे निकष कुठे लावायचे आणि साक्षीचे कुठे, हा प्रश्न समीक्षकांपुढे उभा राहिला.

तिघे एकत्र

श्रुतींच्या वादाचे पुढे काय झाले? भरताने दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे: एक स्थिर ठेवायची, दुसरीचे सूर टप्प्याटप्प्याने उतरवत न्यायचे आणि कोणता सूर कोणाला येऊन मिळतो ते ऐकून ठरवायचे. यात आकडे नाहीत, कान आहे. देवलांनी अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने त्याला गुणोत्तरांचे रूप देऊ पाहिले. भातखंड्यांनी वेगळी दिशा घेतली. गावोगाव हिंडून, उस्तादांकडून चिजा जमवून त्यांनी ठरवले की जुन्या ग्रंथांतले राग आणि आजचे राग जुळत नाहीत. जे गायले जाते ते लक्ष्य प्रमाण मानायचे आणि लक्षण त्यावरून नव्याने लिहायचे. त्यांचे दहा थाट असे आले. १९६३मध्ये नझीर जैराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी यंत्राने मोजले तेव्हा उत्तम गायक-वादकांचाही एकच स्वर नेमक्या एका कंपनसंख्येवर ठरत नाही असे दिसले. या निष्कर्षानेही वाद संपला नाही, कारण सरासरी आकडा म्हणजे गवयाला अभिप्रेत स्वर का, हे यंत्र सांगत नाही. काहींनी श्रुतीला अंतराऐवजी स्वराच्या लगावाची, आंदोलनाची बाब मानले.

आता तिघांची अशी बैठक रोगाणूंच्या, गुणसूत्रांच्या आणि संगणकांच्या मैदानांत अधिक भरते. अॅलन ट्युरिंगचा १९३६चा यंत्राचा विचार गणिताच्या पायाविषयीच्या तात्त्विक प्रश्नातून आला आणि यंत्रे विचार करू शकतील का हा त्याचा १९५०चा निबंध 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकातच छापला गेला. आज यंत्राने रचलेले चित्र, त्याने लिहिलेले पत्र आणि त्याने काढलेले अनुमान हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी कलासमीक्षक, इतिहासकार आणि शास्त्रज्ञ यांच्या टेबलावर आहेत.

जुन्या पेचाचे ताजे रूप उत्तराखंडातल्या रूपकुंड सरोवराच्या काठी दिसते. तिथल्या मानवी सांगाड्यांपैकी ३८ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. २३ जण दक्षिण आशियाई वंशपरंपरेचे निघाले आणि इ. स. ८००च्या आसपासचे. १४ जणांची वंशपरंपरा पूर्व भूमध्य समुद्राकडची, आजच्या ग्रीसच्या बाजूच्या लोकांशी जुळणारी, आणि काळ जेमतेम १८००च्या सुमाराचा. प्रयोगशाळेने प्रत्यक्षाचे काम केले आहे. पण दोन शतकांपूर्वी भूमध्य समुद्राकडच्या वंशाचे लोक पाच हजार मीटर उंचीवरच्या सरोवरापाशी कशासाठी आले, याची कागदोपत्री नोंद मिळत नाही.

इथे भाट्ट मीमांसकांचे सहावे प्रमाण आठवते. न दिसणे हा नसण्याचा पुरावा तेव्हाच होतो, जेव्हा ती गोष्ट असती तर दिसलीच असती. १८००च्या आगेमागे कुमाऊँ आणि पुढे गढवाल गोरखा राजवटीखाली होते. १८१५नंतर तिथे ब्रिटिश आले. परक्या प्रवाशांची नोंद ठेवणारी व्यवस्था त्या डोंगरात होती का, यात्रेकरूंच्या वाटेवर कोणाला कोणता कर भरावा लागे, ही माणसे दूरदेशाहून आली होती की पिढ्यान्पिढ्या जवळपासच राहत होती, हे जोवर ठरत नाही तोवर कागदांच्या मौनाला किती वजन द्यायचे ते ठरत नाही. त्यातला वंशपरंपरेचा भाग डीएनएने सांगितला, आणि बालपण कुठल्या अन्नावर गेले याचा अंदाज हाडांतल्या समस्थानिकांवरून येतो. गोरखा अमदानीचे कागद वाचणाऱ्या इतिहासकाराचे काम त्यापुढे आहे.